क्रेडिट शेल आणि दुबार पेरणी

२०२० च्या जूनमधली गोष्ट. मृग वेळेवर बरसला म्हणून उदगीर तालुक्यातल्या आमच्या दाजींनी पहिल्याच वापशावर सोयाबीन पेरलं. आठ दिवस गेले, दहा दिवस गेले. तासात कुठं एखादा कोंब, बाकी नुसती काळी माती. बोटाने उकरलं की फुगून मऊ पडलेलं बी हाताला लागायचं. त्या वर्षी मराठवाडाभर हेच झालं. सोयाबीन उगवलंच नाही अशा तक्रारी इतक्या झाल्या की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. पण पेरणीची वेळ कोर्टाच्या तारखेसाठी थांबत नाही. दुबार पेरायचं तर बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं, सगळं पुन्हा नव्याने. दाजींच्या हातात पैसा नव्हता. आणि नेमके त्याच वेळी त्यांचे ५८,४०० रुपये एका विमान कंपनीकडे अडकून पडले होते.

ते पैसे तुरीचे होते. जानेवारीत आडतीवरची पट्टी हातात पडली, तेव्हा घरात बऱ्याच वर्षांपासून निघणारा विषय परत निघाला: केदारनाथ-बद्रीनाथ. दाजींची आई सत्तरीच्या पुढची. गुडघे अजून चालताहेत तोवर जाऊन येऊ म्हणाली. रेल्वेने दिल्लीपर्यंत बसून बसून तिचे हाल होतील, म्हणून पहिल्यांदाच विमानाचं ठरलं. हैदराबाद ते दिल्ली, जायची तारीख ९ मे, जाऊन-येऊन सहा जणांची तिकिटं: दाजी, आक्का, दोन लेकरं, म्हातारी आणि आत्या. सहापैकी एकही जण तोवर विमानात बसलेला नव्हता. आक्काने तिकिटांचे छापील कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याच्या फडताळात, बँकेच्या पासबुकाशेजारी ठेवले होते. पाहुणेरावळे आले की ती पिशवी बाहेर निघायची. म्हातारी कागदावरून हात फिरवून विचारायची, ‘ह्यात माझं नाव कुठाय?’

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २२ मार्चपासून रेल्वे थांबली, २५ मार्चपासून देशातली प्रवासी विमानं जमिनीवर आली. विमान कंपन्यांचं उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं. त्या वर्षी तो रविवार होता २९ मार्च. म्हणजे शाळांच्या सुट्ट्या, चारधाम, काश्मीर, रमजानमधला उमरा (मक्केची हजहून छोटी यात्रा), या सगळ्या हंगामाचं आगाऊ भाडं कंपन्यांच्या खात्यात जमा झालं होतं आणि हंगाम सुरू व्हायच्या चार दिवस आधी सगळं बंद झालं.

विमान उडालं नाही याबद्दल माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. साथ कुणी बोलावली नव्हती. त्याच दिवसांत नांदेडला सचखंड श्री हजूर साहिबच्या दर्शनाला आलेले सुमारे ४,००० शीख यात्रेकरू महिनाभर अडकून पडले. पंजाबला जाणारी रेल्वे बंद, अमृतसरचं विमान बंद. गुरुद्वाऱ्याच्या लंगरने त्यांना जेवू घातलं आणि एप्रिलच्या अखेरीस ते बसने घरी निघाले. अशा वेळी कुणाचा बेत मोडणार, कुणाचं नुकसान होणार, हे समजण्याइतकी अक्कल आपल्या माणसांना असते. माझा प्रश्न एवढाच आहे: सेवा दिली गेली नाही, तर त्या सेवेचे पैसे कुणाकडे राहायला हवेत?

या प्रश्नाचं उत्तर आपल्या कायद्यात दीडशे वर्षांपासून लिहिलेलं आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ५६ सांगतं की एखादी गोष्ट करणं नंतर अशक्य झालं, तर करार रद्दबातल होतो. कलम ६५ सांगतं की करार असा रद्दबातल झाला, तर त्यापोटी ज्याला जे मिळालं असेल ते त्याने परत करावं किंवा भरून द्यावं. यात कंपनीची चूक सिद्ध करावी लागत नाही. ‘आमची काय चूक’ हा बचाव नुकसानभरपाईच्या मागणीला लागू पडेल. मूळ रक्कम परत करायच्या प्रश्नात तो येतच नाही.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे, नियम तर याहून स्पष्ट आहेत. परतावा क्रेडिट शेलमध्ये ठेवायचा की नाही हा अधिकार प्रवाशाचा, कंपनीने ती आपली नेहमीची पद्धत करू नये, असं त्यात चक्क लिहिलेलं आहे. क्रेडिट शेल म्हणजे तुमचे पैसे कंपनीच्याच खात्यात तुमच्या नावाने नोंदवायचे आणि पुढे कधीतरी त्याच कंपनीचं तिकीट काढताना वळते करून घ्यायचे. २०२० मध्ये बहुतेक कंपन्यांनी कुणालाही न विचारता हेच केलं. दाजींना मेसेज आला तो इंग्रजीत. तो वाचून दाखवला, तेव्हा ते म्हणाले, ‘शेल म्हंजे काय? पैसं आले का न्हाई, तेवढं सांग.’

नव्हते आले.

आता सरकारने काय केलं ते पाहू. १६ एप्रिल २०२० ला केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचा आदेश निघाला. पहिल्या टाळेबंदीच्या काळात, म्हणजे २५ मार्च ते १४ एप्रिल दरम्यान, ज्यांनी ३ मेपर्यंतच्या प्रवासाची तिकिटं काढली, त्यांना पूर्ण पैसे तीन आठवड्यांत परत द्यायचे. देश बंद असताना तिकीट काढणारे लोक किती असणार? आणि ज्यांनी डिसेंबर-जानेवारीत, पैसे हातात आल्याबरोबर, चार महिने आधी तिकीट काढलं, त्यांचं काय? त्यांच्यासाठी आदेशात ओळ नव्हती. तिकीट स्वस्त मिळावं म्हणून लवकर काढायचं, हे विमान कंपन्यांनीच लोकांना शिकवलेलं. ज्याला आज ठरवून उद्या उडायची ऐपत आहे, तो चार महिने आधी पैसे गुंतवत नाही. लवकर तिकीट काढणारा हा बहुतेकदा तो असतो ज्याला हजार-दोन हजारांचा फरक लागतो. आदेशातून वगळला गेला तोच.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. प्रवासी लीगल सेल या संस्थेच्या याचिकेवर १ ऑक्टोबर २०२० ला निकाल लागला. टाळेबंदीआधी काढलेल्या, २४ मेपर्यंतच्या प्रवासाच्या तिकिटांचे पैसे कंपन्यांनी १५ दिवसांत परत करायचा सर्वतोपरी प्रयत्न करावा. आर्थिक अडचणीमुळे जमत नसेल, तर ३१ मार्च २०२१ पर्यंतचं क्रेडिट शेल द्यावं. शेलची किंमत ३० जून २०२० पर्यंत दरमहा अर्धा टक्का आणि त्यापुढे दरमहा पाऊण टक्का वाढवावी. शेल दुसऱ्या कुणालाही देता यावं. आणि मुदत संपेपर्यंत वापरलं गेलं नाही, तर पैसे परत करावेत.

या निकालाने पुष्कळ लोकांना काहीतरी मिळालं, हे मी मान्य करतो. शेल दुसऱ्याला देता येणं ही मोठी सोय होती. तरीसुद्धा त्यातून जे घडलं ते सरळ भाषेत असं: ज्या प्रवाशाने कधी कुणाला कर्ज द्यायचं कबूल केलं नव्हतं, तो विमान कंपनीचा सावकार झाला, तोही दुसऱ्यांनी ठरवलेल्या मुदतीवर. दाजींच्या ५८,४०० रुपयांवर जूनपर्यंत महिना २९२ रुपये, पुढे महिना ४३८ रुपये. त्याच जुलैमध्ये दुबार पेरणीसाठी गावात त्यांनी उसने घेतले ते शेकडा तीनने. ५८,४०० ला शेकडा तीनने महिना १,७५२ रुपये होतात. स्वतःचा पैसा दुसऱ्याकडे पाऊण टक्क्याने आणि दुसऱ्याचा पैसा आपल्याकडे तीन टक्क्यांनी. मधला फरक एका कोरडवाहू शेतकऱ्याने सोसला, कशासाठी, तर विमान कंपनीची रोकड टिकावी म्हणून.

क्रेडिट शेल ज्याने काढलं त्याच्या डोळ्यांपुढे एक विशिष्ट प्रवासी असतो, असं मला वाटतं. तो महिन्यातून दोनदा मुंबई-दिल्ली करतो. आज नाही गेला तर दिवाळीनंतर जाईल. त्याला शेल मिळालं काय नि पैसे मिळाले काय, फारसा फरक पडत नाही, कारण तो परत उडणारच आहे. आपल्याकडचा प्रवासी तसा नाही. तो दहा वर्षांत एकदा उडतो, पुष्कळदा आयुष्यात एकदा. त्याच्या उडण्याला निमित्त असतं: यात्रा, हज, लेकीचं बाळंतपण, लष्करातल्या मुलाची पासिंग आउट परेड. निमित्त गेलं की प्रवास गेला. त्याला ३१ मार्चपर्यंत विमानाचं तिकीट काढायची मुभा देणं म्हणजे ज्याच्या घरी लग्न मोडलं त्याला मंडपवाल्याने सांगायचं की मंडप वर्षभरात कधीही घाला. शिवाय पुढच्या वर्षी यात्रेच्या वेळेला दुसरी लाट आली. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये आमच्या जिल्ह्यांत लोक ऑक्सिजनच्या सिलेंडरमागे पळत होते. तिकिटाचं कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

‘पण दुसरा उपायच नव्हता’ असं कुणी म्हटलं की मला दोन उदाहरणं द्यावीशी वाटतात, दोन्ही आपल्या रोजच्या ओळखीची.

पहिलं रेल्वेचं. देवगिरी, नंदीग्राम, तपोवन, सचखंड, सगळ्या गाड्या बंद. रेल्वेने ऑनलाइन तिकिटांचे पैसे कुणी अर्ज न करता ज्या खात्यातून आले त्या खात्यात परत घातले. २१ मार्च ते ३१ मे या काळातल्या ऑनलाइन तिकिटांचे असे १,८८५ कोटी रुपये परत केले गेले. खिडकीवर काढलेल्या तिकिटांसाठी परताव्याची मुदत सहा महिन्यांपर्यंत वाढवली. रेल्वेचं उत्पन्नही त्या काळात बुडालंच होतं. रेल्वे सरकारी आहे, तिच्या मागे तिजोरी आहे, हे खरं. पण त्यातून एवढं तर दिसतंच की लाखो लोकांचे छोटे छोटे पैसे काही आठवड्यांत परत करणारी यंत्रणा या देशात आहे.

दुसरं उदाहरण हजचं. तेव्हा औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून, हजला थेट विमानं जायची. परभणी, बीड, जालना, नांदेडकडचे हाजी तिथूनच निघायचे. आयुष्यभर पै पै साठवून माणूस हजला जातो. त्या वर्षी देशभरातून २ लाख १३ हजारांवर अर्ज होते. बाहेरच्या देशांतून हाजी येणार नाहीत असं सौदी अरेबियाने जूनमध्ये जाहीर केलं आणि २३ जून २०२० ला केंद्र सरकारने सांगितलं की अर्जदारांचे पूर्ण पैसे, एक रुपयाही न कापता, थेट खात्यात परत जातील. उमऱ्याचं मात्र उलटं झालं. सौदीने उमरा २७ फेब्रुवारीलाच थांबवला होता. रमजानमध्ये उमऱ्याला जायचं म्हणून लोकांनी खाजगी टूरवाल्यांकडे पैसे भरले होते, टूरवाल्यांनी विमान कंपन्यांकडे गटाच्या आगाऊ रकमा भरल्या होत्या, आणि त्या साखळीत पैसा जागोजागी अडकला. एकाच मोहल्ल्यात, एकाच गल्लीत, हजचे पैसे परत आलेला आणि उमऱ्याचे पैसे अडकलेला, असे दोन शेजारी होते. दोघांचाही प्रवास एकाच साथीने बुडवला होता. फरक इतकाच की एकाचा पैसा अशा हातात होता ज्याला तो परत करायचा हुकूम होता.

त्या साखळीतल्या मधल्या माणसाबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मुंबई-पुण्याचा माणूस मोबाइलवर तिकीट काढतो. उदगीर, अहमदपूर, निलंगा, परळीचा माणूस आजही मोठ्या प्रवासाचं तिकीट बसस्टँडजवळच्या ओळखीच्या दुकानातून काढतो. दाजींचा एजंट असाच. दहा बाय दहाचं दुकान, झेरॉक्स, पॅन कार्ड, रेल्वे, ट्रॅव्हल्स आणि विमान. त्याचा स्वतःचा विमान कंपनीशी थेट संबंध नाही. तो हैदराबादच्या मोठ्या एजंटाच्या पोर्टलवर वॉलेटमध्ये पैसे टाकतो आणि तिकीट काढतो. उन्हाळ्याआधी मोठे एजंट कंपन्यांकडून गटाच्या जागा एकदम उचलतात, त्याला ते सिरीज म्हणतात. त्यातल्या जागा असे छोटे दुकानदार पुढे विकतात.

आता पैसे उलटे कसे यायचे ते बघा. कंपनीकडून मोठ्या एजंटाच्या खात्यात, तिथून छोट्याच्या वॉलेटमध्ये, तिथून गिऱ्हाइकाच्या हातात. सर्वोच्च न्यायालयानेही एजंटामार्फत काढलेल्या तिकिटांचा परतावा आणि शेल एजंटामार्फतच जावं असं म्हटलं. त्याला कारणही आहे, पैसे त्याच वाटेने गेले होते. पण डीजीसीएच्या नियमांप्रमाणे एजंट हे कंपनीचे प्रतिनिधी आहेत आणि त्यांच्यामार्फत काढलेल्या तिकिटांच्या परताव्याची जबाबदारी कंपनीवरच आहे. प्रत्यक्षात घडलं असं की कंपनीच्या कॉल सेंटरला फोन लावला तर ‘एजंटाकडे विचारा’, मोठ्या एजंटाला विचारलं तर ‘कंपनीकडून आले नाहीत’, आणि उदगीरच्या दुकानासमोर रोज सकाळी चार माणसं उभी. तो पोरगा मास्क लावून शटर अर्धं उघडून बसायचा. एकाचं लग्नाचं तिकीट, एकाचं काश्मीरचं, एका शिक्षकाने शाळेच्या बारा जणांची काढलेली अंदमानची. त्याच्याकडे एक लांबट वही होती, त्यात नाव, पीएनआर, रक्कम, आणि शेवटच्या रकान्यात कोण किती वेळा येऊन गेलं त्याच्या उभ्या रेघा.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात दाजी त्याच्याकडे गेले ते भांडायला म्हणून. त्याने वही दाखवली, पोर्टल उघडून दाखवलं, आणि मग ड्रॉवरमधून २० हजार रुपये काढून दिले. म्हणाला, ‘दाजी, बियाणाला घ्या. कंपनीचं आलं की मी कापून घेईन.’ ते पैसे त्याच्या बायकोचा दागिना गहाण ठेवून आणलेले होते, हे आम्हाला फार नंतर कळलं. ज्या कंपनीने पैसे घेतले तिने ते दिले नाहीत. ज्याला एका तिकिटामागे शे-दोनशे सुटले असतील, त्याने बायकोचा दागिना ठेवून दिले. ओळखीवर चालणाऱ्या गावात माणसाला रोज समोर उभं राहावं लागतं, म्हणून.

कंपन्यांच्या बाजूने जे बोललं जातं, तेही समजून घेतलं पाहिजे. विमानं उभी असली तरी त्यांचं भाडं चालू असतं, पगार असतात, विमानतळाची पार्किंगची बिलं असतात. विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आयाटाने तेव्हाच सांगितलं होतं की जगभरच्या कंपन्यांना त्या तिमाहीत ३५ अब्ज डॉलरचे परतावे द्यावे लागतील आणि तेवढी रोकड त्यांच्याजवळ नाही. खोटं नव्हतं ते. ज्या दिवशी सगळ्यांनी एकदम पैसे मागितले असते, त्या दिवशी काही कंपन्या बसल्या असत्या. कंपनी बुडाली की प्रवाशाला तर काहीच मिळत नाही.

पण हा युक्तिवाद नीट ऐकला तर तो कशाची कबुली देतो? आगाऊ घेतलेलं भाडं कंपन्या प्रवासाच्या आधीच खर्च करून बसलेल्या असतात, याची. आपण मेचं तिकीट जानेवारीत काढतो, तेव्हा आपले पैसे मेपर्यंत कुठंतरी सुरक्षित ठेवलेले असतात असं आपण धरून चालतो. तसं काही नसतं. ते जानेवारीचं इंधन आणि फेब्रुवारीचे पगार भागवतात. आणि कंपनीला वाचवणं देशाच्या हिताचं असेल, तर ते काम देशाच्या तिजोरीचं आहे. अमेरिकेने प्रवासी विमान कंपन्यांना पगारासाठी २५ अब्ज डॉलरची मदत दिली, आणि त्याच वेळी, ३ एप्रिल २०२० ला, तिथल्या वाहतूक खात्याने बजावलं की विमान कंपनीने रद्द केलं असेल तर परतावा पैशातच द्यायचा. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या खात्याने परतावे लांबवल्याबद्दल सहा कंपन्यांवर कारवाई केली. त्यांत आपली एअर इंडियाही होती. तिला १२ कोटी १५ लाख डॉलरचे परतावे द्यावे लागले आणि वर १४ लाख डॉलर दंड झाला. आपल्याच देशातल्या कंपनीला अमेरिकेच्या मार्गावरच्या प्रवाशाचे पैसे परत करणं भाग पडतं आणि हैदराबाद-दिल्लीच्या प्रवाशाला शेल मिळतं, तेव्हा फरक कंपनीत नाही, दरडावणाऱ्यात आहे. आपल्याकडे कंपन्यांसाठी पतहमीची सोय पुढे २०२१-२२ मध्ये आली. मधलं सगळं वर्ष प्रवाशांच्या पैशावर निघालं.

ऑनलाइन पोर्टलवर तिकीट काढणारेही यातून सुटले नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये यात्रा या कंपनीविरुद्ध आदेश काढला, तोवर तिच्याकडची ४,८३७ बुकिंगं टाळेबंदीच्या परताव्यावाचून पडून होती. २०२१ मध्ये हा आकडा ३६,२७६ होता, रक्कम २६ कोटींहून जास्त. चार वर्षं! ज्या मुलाचं तिकीट काढलं तेव्हा तो दहावीत होता, तो पदवीच्या वर्गात गेला.

साथ शंभर वर्षांतून एकदा येते, तिच्यावरून नियम कशाला करायचे, असंही म्हणतात. पण आगाऊ पैसा बुडायला साथच लागते असं नाही. जेट एअरवेजची विमानं थांबली १७ एप्रिल २०१९ ला. टाळेबंदी २५ मार्च २०२० ला. गो फर्स्टची उड्डाणं बंद झाली ३ मे २०२३ ला. तिन्ही वेळा उन्हाळ्याच्या तोंडावर, म्हणजे सुट्ट्यांचं आगाऊ भाडं सर्वांत जास्त साठलेलं असताना. कंपनी दिवाळखोरीत गेली की ज्यांचे पैसे तिच्याकडून येणं आहेत त्यांच्या रांगेत प्रवासी उभा राहतो, बँकांच्या आणि विमानं भाड्याने देणाऱ्यांच्या बरंच मागे. जेट आणि ट्रूजेट या दोन्ही कंपन्या आपल्याकडून उडत होत्या. नांदेड-हैदराबाद हे ट्रूजेटचं उड्डाण तर २७ एप्रिल २०१७ ला छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या उडान योजनेच्या पहिल्याच उड्डाणांत सुरू झालं होतं. मराठवाड्याने विमान यायचा आनंद जितक्या वेळा केला, तितक्याच वेळा ते बंद पडल्याचंही पाहिलं आहे. आपल्यासाठी हा प्रश्न शंभर वर्षांचा नाही, दर दोन-तीन वर्षांचा आहे.

आणि मनात आणलं तर काय होतं, तेही डिसेंबर २०२५ मध्ये दिसलं. वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांची तयारी न केल्याने इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. मंत्रालयाने ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत सगळे परतावे पूर्ण करा असं बजावलं आणि दोन-तीन दिवसांत ६०० कोटींहून जास्त रुपये लोकांच्या खात्यांत गेले. इंडिगोकडे तेव्हा पैसा होता, २०२० मध्ये पुष्कळांकडे नव्हता, हा फरक मी नाकारत नाही. उलट माझं म्हणणं त्या फरकावरच उभं आहे. परतावा मिळणं हे कंपनीच्या गल्ल्यात त्या दिवशी किती आहे यावर ठरायला नको.

त्यासाठी प्रवाशाचं आगाऊ भाडं, निदान त्यातला मोठा हिस्सा, विमान उडेपर्यंत वेगळ्या खात्यात राहिला पाहिजे. घर बांधणाऱ्या बिल्डरांना आपण हे लावलेलंच आहे. रेरा कायद्याप्रमाणे ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, कारण लोकांचे आयुष्यभराचे पैसे बुडत होते. एकदम ते जमत नसेल तर दुसरी वाट ब्रिटनची आहे. तिथे १९७३ पासून अॅटोल नावाची व्यवस्था आहे. विमानासह सहलीचं पॅकेज घेणाऱ्या प्रत्येक प्रवाशामागे कंपनी अडीच पौंड एका विश्वस्त निधीत भरते आणि सहलवाली कंपनी बुडाली तर त्या निधीतून पैसे परत मिळतात.

भाडी वाढतील, असा आक्षेप येईलच. थोडी वाढतील. आज ती कमी दिसतात त्याचं एक कारण हेही आहे की प्रवासी बिनव्याजी भांडवल पुरवतो आणि बुडायचा धोकाही स्वतःच्या डोक्यावर घेतो. ती किंमत आजही कुणीतरी मोजतोच. २०२० मध्ये ती दाजींनी मोजली, शेकडा तीनने. सगळ्यांच्या तिकिटात पन्नास-शंभर रुपये वाढले तर ती सगळ्यांत वाटली जाईल, आणि दोन आठवड्यांनी परत उडणाऱ्यालाही तिचा वाटा उचलावा लागेल.

तोवर निदान आहेत ते हक्क माहीत तरी असावेत. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करायची सोय दिली आहे. कंपनीचं कार्यालय दिल्लीजवळ असलं तरी परळीच्या माणसाला बीडच्या जिल्हा आयोगात जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. १९१५ या हेल्पलाइनवर फोन करता येतो. आमच्याकडे हे कुणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी घरातला शिकलेला माणूस. दाजींना त्या जुलैमध्ये मी धीर धरा म्हणालो, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दाजींचे पैसे जून २०२१ मध्ये आले, पहिल्या पेरणीनंतर बरोबर एका वर्षाने. एजंटाने त्यातले त्याचे २० हजार वळते करून घेतले आणि दागिना सोडवला. म्हातारी केदारनाथला गेली नाही; तोवर गुडघ्यांनी साथ सोडली होती. आत्या आणि आक्का नंतर रेल्वेने जाऊन आल्या.

एजंटाचं दुकान आता थोडं मोठं झालंय. काउंटरच्या काचेखाली त्याने मराठीत टाइप केलेला एक कागद सरकवून ठेवला आहे. विमान कंपनीने उड्डाण रद्द केल्यास परतावा पैशात घ्यायचा की क्रेडिटमध्ये, हे प्रवाशाने ठरवायचं, असं त्यावर लिहिलंय, खाली डीजीसीएच्या नियमाचा क्रमांक. परवा मी गेलो तेव्हा एक बाई मुलीसोबत सुट्टीची तिकिटं काढायला आली होती. तिने तो कागद बोट लावून वाचला आणि विचारलं, ‘हे खरंच असं अस्तंय का?’ तो म्हणाला, ‘नियमात आहे, ताई.’ मग थोडा थांबून त्याने तिच्या पावतीवर तीच ओळ पेनाने लिहिली, खाली सही केली आणि शिक्का मारून दिला.